‘खारपाण’चे ड्रम कोणी वाजवले

आमचा अल्बम अजून इंटरनेटवर आहे. आठ गाणी, नाव ‘खारपाण’. अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट लागतं, विहीर कितीही खोल खणा, पाणी तोंडात धरवत नाही. त्या पट्ट्याला खारपाण म्हणतात, त्यावरून ठेवलेलं. बँडचं नाव मात्र इंग्रजी होतं आणि ते मी इथे सांगणार नाही, कारण त्याचं स्पेलिंगसुद्धा आम्ही मुद्दाम चुकवलं होतं आणि आता त्याची लाज वाटते.

मी अमरावतीत अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवतो. दरवर्षी एखादा विद्यार्थी कुठून तरी हा अल्बम उकरून काढतो आणि तास संपल्यावर फोन पुढे करतो, सर, हे तुम्हीच ना? मी हो म्हणतो. मग तो म्हणतो की सर, ड्रम एकदम टाईट आहेत. सगळ्यांना नेमके ड्रमच आवडतात. गाणी मी लिहिली, गिटार मी वाजवली, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. एरवी मला याचा राग आला असता. ड्रमची तारीफ निघाली की मात्र मी डस्टर घेऊन पुसलेलाच फळा पुन्हा पुसायला लागतो.

आम्ही चौघं होतो. गाणारा, बेस वाजवणारा, मी आणि ड्रमवाला. गाणाऱ्याच्या मामाचं राजापेठेकडे बिछायत केंद्र होतं, म्हणजे लग्नाकार्याला गाद्या, सतरंज्या, भांडी भाड्यानं द्यायचं दुकान. त्याच्या गोदामात छतापर्यंत गाद्या रचलेल्या असत आणि त्यांच्यामुळे आवाज बाहेर जात नसे. लग्नसराईत गाद्या बाहेर गेल्या की आवाजही बाहेर जाई आणि शेजारीपाजारी शटर वाजवायला येत. त्यामुळे आमची प्रॅक्टिस पंचांगावर चालायची. मुहूर्त नसलेले दिवस आमचे. जगात दुसरा कुठला रॉक बँड तारखा ठरवण्याआधी पंचांग बघत असेल असं मला वाटत नाही.

ड्रमवाला वलगावच्या पुढे आत एका खेड्यात राहायचा. वलगावात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा भरून द्यायचा. दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचे आणि संध्याकाळी अमरावतीत येऊन ड्रम बडवायचे. ड्रम त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याचा हात खंजेरीचा होता. त्याचे वडील गावच्या खंजेरी भजन मंडळाचे म्होरके, आणि हा लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून वाजवत आलेला.

ते भजन मी एकदाच त्यांच्या गावी जाऊन ऐकलं होतं. सुरुवात इतकी संथ की मला वाटलं, म्हातारी माणसं आहेत, दमली असतील. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि मग वडिलांनी नुसती मान वर केली. पोरानं खंजेरीची गती चढवली, झील धरणारे त्याच्यामागे चढले, टाळ चढले, आणि दोन मिनिटांत समोर बसलेली माणसं गुडघ्यांवर आली. ते म्हणतात, भजन उठलं. जिथं सुरू झालं तिथंच जे संपतं ते भजन त्यांच्या लेखी झालंच नाही. मी मनातल्या मनात ठोके मोजत होतो. शेवटची गती सुरुवातीच्या जवळजवळ दुप्पट होती. गणितवाल्याला जे समजायचं तेवढं समजलं, बाकीचं डोक्यावरून गेलं.

पोरगा भजनाला दांड्या मारून आमच्याकडे येतो हे वडिलांना आवडत नव्हतं. पण आम्ही अल्बम करणार म्हटल्यावर ते नरमले. त्यामागे एक कारण होतं, ते ड्रमवाल्यानं मला अकोल्याला जाताना गाडीत सांगितलं. पूर्वी कधी तरी त्यांच्या मंडळाची कॅसेट निघाली होती. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं मंडळातल्या गाणाऱ्याच्या तोंडाजवळ माईक धरला आणि वडिलांची खंजेरी कुठल्या कुठे गेली, ऐकूच येत नव्हती. चाळीस वर्षं वाजवून त्यांच्या हाताचा एक ठोका कुठे शिल्लक नव्हता. ते पोराला म्हणाले होते की माझं राहिलं ते राहिलं, आपल्या घरचा हात एकदा तरी रेकॉर्डवर येऊ दे, मला बसून ऐकायचा आहे. हे सांगताना ड्रमवाला खिडकीबाहेर बघत होता.

अकोल्याचा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर होता. एरवी तिथे भक्तिगीतं, सरकीच्या ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या, जाहिराती आणि प्रचाराची गाणी भरत. मे महिना होता आणि एसीचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद. अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीत ड्रम वाजवणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. स्टुडिओवाले पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. आधी ड्रम भरायचे, मग त्यावर बाकीची वाद्यं चढवायची, अशी त्यांची पद्धत. ड्रमवाल्याच्या कानावर हेडफोन द्यायचा, त्यात घड्याळासारखी टिकटिक, आणि तिच्या बरोबरीनं वाजवायचं.

वेढे मोजणारा माणूस, त्याला टिकटिक काय जड जाणार, असं मला वाटलं होतं. पहिल्या कडव्यापर्यंत तो बरोबर असायचा. दुसरं कडवं संपलं की त्याचा हात चढायचा आणि टिकटिक मागे राहायची. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दहादा सांगितलं की टिकटिकीकडे कान ठेव. तो म्हणायचा, ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“हे टिकटिक गाण्याचं ऐकतच नाई बे,” तो मला म्हणाला. “गाणं इकडं चढून राह्यलं अन् हे आपलं तिथंच बसून हाय.”

सगळे हसले, मीही हसलो. मग त्यानं हट्टानं टिकटिक धरून वाजवलं, तर हात असा आखडला की काठी दोनदा हातातून निसटली. तिसऱ्या दिवशी गावाहून फोन आला, दोन मोटारी एकदम जळाल्या होत्या आणि माणसं दुकानासमोर बसली होती. त्याला जावं लागणार होतं. त्याचं आठही गाण्यांचं वाजवून झालं होतं, चढलेलं का असेना. बूट घालता घालता त्यानं मला विचारलं, “माहं ठेवशीन ना बे? बुढा वाट पाहून राह्यला.”

मी म्हटलं, “ठेवतो. थोडं इकडं तिकडं सरकवू फक्त.”

तो गेल्यावर स्टुडिओवाल्यांनी सरळ विचारलं. त्यांच्या मते दोन रस्ते होते. टिकटिक सोडून द्या, त्याला परत बोलवा, चौघं एकत्र बसा आणि गाणं चढतं तसं चढू द्या. त्याला आणखी दोन दिवस लागतील. नाही तर कॉम्प्युटरमधले ड्रम लावा, ते आत्ता होतील. पुढची पाळी प्रचाराची गाणी भरायला आलेल्या मंडळींची होती, ती खाली उसाचा रस पीत खोळंबली होती. पण त्यांच्यामुळे मी कॉम्प्युटरचे ड्रम निवडले, असं म्हटलं तर ती थाप होईल. मला ते चढणं अडाणी वाटत होतं. ज्या गतीत सुरू झालं त्याच गतीत संपलं पाहिजे, पुण्या-मुंबईचे लोक ऐकतील तर नावं ठेवायला नकोत, हे माझं गणित. गाणारा म्हणाला की त्याला वाईट वाटेल. मी म्हटलं, त्याला कळणारसुद्धा नाही. मित्राबद्दल इतकं हलकं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही. मोटारीचा नुसता आवाज ऐकून कुठली कॉईल जळाली हे जो सांगतो, त्याला म्हणे कळणार नाही.

तासाभरात आठही गाण्यांचे ड्रम बदलून झाले. अल्बमच्या माहितीत मी ‘ड्रम्स’ समोर त्याचं नाव लिहिलं आणि वर स्वतःला दिलदार समजलो.

दिवाळीच्या आधी अल्बम बाहेर आला. मी ग्रुपवर लिंक टाकली, त्यावर त्यानं एक अंगठा पाठवला. बस, एक अंगठा. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे प्रॅक्टिसला त्याचं येणं कमी झालं, पण तुरीच्या दिवसांत गावाकडे कामं असतात असं मी माझं मीच समजून घेतलं.

डिसेंबरात त्याचा फोन आला की वडील म्हणतात, मंडळाला अल्बम ऐकवा. मी टाळायला पाहिजे होतं. पण कौतुक करून घ्यायची हौस वाईट असते. रविवारी सकाळी मी एकटाच गेलो, बाकी दोघांना काही ना काही काम निघालं. गावची सफाई आटोपून माणसं प्रार्थना मंदिरात जमली होती. पंधरा-वीस टोप्या, दाराशी बायका, मधोमध एक स्पीकरचा डबा. वडिलांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मला त्यांनी हाताला धरून पुढे बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, हे सर, गाणी यांची, वाजवणं आपल्या पोराचं.

पहिलं गाणं झालं, माणसांनी सभ्यपणे मान हलवली. दुसरं ‘डीपी जळाली’. लाईन गेली की डीपीपाशी, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जमून जो तो आपापला सल्ला देतो, त्याच्यावर. ते त्यांना आवडलं, हसले, एकानं तर पुन्हा लावायला लावलं. मी खुशीत होतो. मग ‘खारपाण’ लागलं.

वडील डोळे मिटून बसले होते. त्यांची बोटं गुडघ्यावर ठोके धरत होती. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, आणि त्यांची बोटं पुढे सरकली. गाणं सरकलं नाही. बोटं थोडी थांबली, पुन्हा चढून बघितलं, पुन्हा गाणं आलं नाही. मग त्यांनी हात उलटा करून मांडीवर ठेवून दिला आणि डोळे उघडले. मी हे सगळं बघत होतो, मला दुसरीकडे बघता येईना. मला त्या क्षणी कळलं की मी काय केलं आहे, आणि कोणाचं केलं आहे.

गाणं संपलं. सगळे वडिलांकडे बघायला लागले, कारण तिथे शेवटचा शब्द त्यांचा.

“हे तू वाजोलं?” त्यांनी पोराला विचारलं.

ड्रमवाला सतरंजीकडे बघत होता. माझ्याकडे त्यानं नजर वळवली नाही. “हो बाबा. मीच वाजोलं.”

“मंग हात काहून बांधून ठेवला होता? वर जायच्या जागी तिथंच बसून राह्यला.”

“पह्यल्यांदा होतो ना तेवढ्या मोठ्या मशिनीसमोर,” तो म्हणाला. “भेलो मी.”

वडील सगळ्यांदेखत म्हणाले की या घरानं एवढी वर्षं खंजेरी धरली, कोणाचा हात भ्याला नाही, तुझाच भ्याला. मागून कोणी तरी हसलं. एक म्हातारे गृहस्थ मला समजावून सांगायला लागले की हा पोरगा मंडळात फार चांगला वाजवतो, तिकडे त्याचं काय बिनसलं कोण जाणे. आणि मी? वर्गात दीडशे पोरांसमोर तोंड न थकणारा मी मिठाची गुळणी धरून बसलो. एक वाक्य बोलायचं होतं. ‘काका, हे त्यानं वाजवलं नाही.’ मला नाही बोलता आलं. उरलेली गाणी वाजली, चहा झाला, मी गाडीवर बसलो. तो फाट्यापर्यंत सोडायला आला आणि वाटेत फक्त थंडीबद्दल बोलला.

पुढचे दोन आठवडे माझे वाईट गेले. फळ्यावर गणित चुकायला लागलं. अकोल्याला फोन करून विचारलं, त्यानं वाजवलेलं मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे का. स्टुडिओवाले हळहळले. निवडणुकीच्या धामधुमीत कॉम्प्युटरमध्ये जागा करताना जुनं सगळं पुसलं होतं, तुम्ही ठेवा म्हटलं असतं तर ठेवलं असतं, असं ते म्हणाले. मी ठेवा म्हटलं नव्हतं. ते कुठे जाईल, याचा विचारच मी केला नव्हता.

शेवटी एका बुधवारी, तो दुकानात असेल अशी वेळ साधून, मी त्यांच्या घरी गेलो. वडील अंगणात बसले होते. थंडीत खंजेरीचं कातडं सैल पडतं, म्हणून त्यांनी ती उन्हात तापत ठेवली होती. मी चपला काढता काढताच बोलायला सुरुवात केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. टिकटिक, दोन रस्ते, मी कुठला निवडला, त्याला काय सांगितलं, आणि मूळ वाजवलेलं पुसलं गेलं हेही. शिव्या मिळतील अशी माझी अपेक्षा होती. खरं सांगायचं तर मी शिव्या घ्यायलाच गेलो होतो.

त्यांनी खंजेरीची उन्हाकडची बाजू बदलली. “मालूम हाय मले,” ते म्हणाले. “त्याच दिवशी समजलं. दुसऱ्या कडव्यानंतर त्याचा हात थांबतच नाई. तो हात त्याचा नव्हताच, सर.”

मी विचारलं, मग चार लोकांत त्यालाच का बोललात.

“तो म्हने, मीच वाजोलं. मंग मी काय करू? त्याले खोटा पाडू?” ते म्हणाले. “चुकलो म्हनून सांगता येते मानसाले. मले काढून टाकलं, असं नाई सांगता येत. त्यानं जे आंगावर घेतलं, ते मी धरलं.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मी म्हटलं, आज संध्याकाळीच त्याच्या दुकानात जातो, त्याची माफी मागतो, आणि तुम्हाला सगळं ठाऊक आहे हेही सांगतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“तुमाले बरं वाटीन त्यानं. त्याचं काय? त्याले असंच वाटू द्या, का बुढा रागावला हाय. राग उतरते मानसाचा. आपल्याले काढून टाकलं अन् ते बापानं पाह्यलं, हे त्याच्या डोक्यातून नाई उतरनार.”

मग त्यांनी विचारलं की ते पुसलेलं कसंही करून परत येत नाही का. मी नाही म्हटलं. “जाऊ द्या,” ते म्हणाले, आणि आत आवाज देऊन माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. तो चहा मी कसा प्यालो, मला माहीत.

ते होते तोवर मी त्यांचा शब्द मोडला नाही. गेल्या वर्षी ते गेले. आता हे कागदावर आणतो आहे, तेही एकाचंही नाव न घालता. बँड केव्हाच मोडला, गाणारा पुण्याला नोकरीला लागला, आणि ड्रमवाला मंडळात वडिलांच्या जागी बसतो. त्याला हे वाचून दाखवायचं की नाही, माझं अजून ठरत नाही.

त्या बुधवारी परतताना तो मला फाट्यावरच भेटला. दुपारच्या जेवणाला घरी निघाला होता, दुचाकीच्या मागे एक भरलेली मोटार सुतळीनं बांधलेली होती. मला बघून त्यानं गाडी बंद केली. इकडे कसा काय, म्हणाला. मी म्हटलं, सहज, काकांना भेटायला. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

“काई सांगतलं त नाई ना तू त्याले?”

“नाई,” मी म्हटलं.

त्याच्या खांद्यांवरचा ताण गेलेला मला दिसला. मग त्यानं विचारलं, “रागात हाय का अजून?”

आयुष्यात मी त्याच्याशी अनेकदा खोटं बोललो, माझ्या सोयीसाठी. या वेळचं खोटं मात्र माझ्या सोयीचं नव्हतं. “हाय थोडा,” मी म्हटलं. “म्हने, पोरगं भेलं.”

“चालते,” तो म्हणाला आणि हसला. “तेवढंच मालूम राहू दे त्याले.”

त्यानं मागे हात नेऊन मोटारीची सुतळी घट्ट आहे का ते बघितलं आणि तो जेवायला घरी गेला.